गुडघे कोणी टेकायचे?

वडगावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच अहरोन साळवे यांनी एका रविवारी भर उपासनेत नवा नियम जाहीर केला. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून दर महिन्याला होणारं प्रभुभोजन घेताना गुडघे टेकायचेच. जो टेकणार नाही, त्याला भाकर नाही आणि द्राक्षारसही नाही.

लोक गोंधळले. कोणी उठले, कोणी वाकले, काही मधेच थांबून शेजाऱ्याकडे पाहू लागले. सलोमीबाई मात्र खुर्चीतच होत्या. संधिवातामुळे त्यांना गुडघे टेकताच येत नसत. महिनाभर वाट पाहिलेली भाकर आता आपल्याला चुकणार, म्हणून त्यांचे डोळे भरून आले.

साळवे गरजले, "गुडघे ताठ, तर मनही ताठ! बाई, जरा नम्रता शिका."

सलोमीबाईंची मुलगी केझिया ताडकन उठली. "काका, पहिलं प्रभुभोजन झालं, तेव्हा येशूचे शिष्य कसे होते?"

"पंगतीला बसलेले."

"सगळे?"

"सगळेच की!"

"मग त्या रात्री खाली कोण वाकलं होतं?"

साळवे अडखळले. "प्रभू... शिष्यांचे पाय धुवायला."

"म्हणजे बसलेल्यांना भाकर मिळाली आणि वाकला तो धनी. इथले मोठे तुम्ही. मी घंगाळ आणि टॉवेल आणते. आईचा डावा पाय फार दुखतो, तेवढा जपून धुवा."

हसावं की 'आमेन' म्हणावं, कोणालाच कळेना. भाकर वाटणारे पाळकसाहेब मात्र खुर्चीपाशी गेले आणि त्यांनी सलोमीबाईंच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला.

साळव्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "अरे, आता मी बसू की उभा राहू?"