पुन्हा पुन्हा उघडलेली सुरई

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरउतारावरच्या एका गावात घरोघरी द्राक्षांचे मळे होते. तिथे एक रीत होती. घरात सून आली की त्या वर्षी थोडे घड वेलीवरच सुरकुतू द्यायचे, त्यांचा दाट रस काढायचा, एका सुरईत भरून तोंडाला मेण लावायचं आणि ती सुरई सुनेच्या हाती द्यायची. घरातल्या कर्त्याला साठ वर्षं पूर्ण झाली की वाढदिवसाच्या पंगतीत ती उघडायची. मधाला लाजवील असं ते आसव आयुष्यात एकदाच चाखायला मिळे.

अशाच एका घरात सासूने नव्या सुनेला सुरई दिली. म्हणाली, "ही सांभाळ. सांभाळ म्हणजे विसरून जा."

सून शिकलेली होती, पण विसरणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याच हातून बिघडलं तर? एका दुपारी तिने मेण सोडवून वास घेतला. वास गोड होता. तिने पुन्हा मेण लावलं. चार दिवस बरे गेले. मग वाटलं, आपण मेण नीट लावलं असेल का? म्हणून परत उघडून पाहिलं. पुढे तो नेमच झाला.

मग तिला मुलगी झाली. आता काळजीला दोन ठिकाणं मिळाली. मुलगी उभी राहू लागली तरी आई तिचं बोट सोडीना. नणंद म्हणायची, "वहिनी, हिच्या लग्नातही तुम्हीच बोट धरून फिरणार वाटतं."

सासऱ्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. ओवाळून झालं, पानं वाढली. सुनेने लेकीला खांबापाशी उभं केलं आणि दोन्ही हातांनी सुरई आणली. सासऱ्यांनी वाटीतून घोट घेतला, डोळे मिटले. सगळे थांबले.

"आंबट आहे," ते म्हणाले.

नणंदेने बोट बुडवून चाखलं. "वहिनी, लोणचं घालायचं होतं का?"

सासूने सुरईच्या गळ्यावरून बोट फिरवलं. तिथे मेणाचे थरावर थर होते. "मी तर एकदाच लावलं होतं गं."

सून खाली बघत म्हणाली, "मी उघडत होते. बिघडलं तर नाही ना, ते बघायला."

"म्हणजे बिघडेपर्यंत बघितलंस," सासरे म्हणाले. रागावले नव्हते, पण साठीपर्यंत वाट पाहिलेला तो घोट त्यांनी खाली ठेवला, आणि तिला तेच जास्त लागलं.

तेवढ्यात खांबापाशी हालचाल झाली. लेकीने खांब सोडला होता. सुनेचे दोन्ही हात जड सुरईत अडकलेले. ती ठेवायला वाकणार, तोच सासू हळूच म्हणाली, "राहू दे."

मुलगी दोन पावलं चालली आणि पडली. आई सुरई धरून तशीच उभी राहिली. मुलगी इकडेतिकडे बघून उठली, डुलत आजोबांपर्यंत गेली आणि त्यांच्या ताटातल्या शिकरणीत तिने सरळ हात घातला.

"घ्या," आजोबा ती बोटं चाटत म्हणाले, "गोड इथे होतं."

त्या आंबट आसवात सासूने खरंच मिरच्या मुरवल्या, आणि घराने त्या वर्षभर चवीने खाल्ल्या. पुढच्या हंगामात धाकट्या दिराचं लग्न होऊन घरात जाऊ आली, पण नवी सुरई सासूने पुन्हा हिच्याच पुढे ठेवली.

"ही यांच्या पंचाहत्तरीला उघडायची. या वेळी विसरशील?"

सुनेने सुरई जवळ ओढली. "विसरणं काही जमायचं नाही, सासूबाई. पण उघडणार नाही."

"तेवढं पुरे," सासू म्हणाली. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला ती सुरई उघडली, तेव्हा पहिला घोट त्यांनी सुनेला दिला.

तात्पर्य : काळजी मनात कितीही असू द्या, पण जे आपसूक पिकतं त्याचं झाकण सारखं उघडू नका.