पुष्कळ जागा

एका बाजारपेठेच्या गावी एकदा एक वृद्ध कारागीर राहत असे. तरुणपणी तो रेडिओ दुरुस्त करी. मग टीव्ही आले, मोबाईल आले, आणि म्हातारपणी त्याच्या टेबलावर हातात धरून खेळायची यंत्रं येऊ लागली. त्यानं कशालाच कधी नाक मुरडलं नाही. गाव त्याला गुरुजी म्हणे, कारण त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं पंचक्रोशीत दुकानं थाटून बसली होती. सध्या त्याच्याकडे मुकुंद नावाचा तिशीतला गृहस्थ शिकत होता. हात कुशल, डोकं तल्लख. खोट एकच, त्याला धीर म्हणून नव्हता.

गुरुजींच्या दुकानाची एक रीत होती. यंत्रातलं काहीही पुसायचं झालं तर मालकाला शेजारच्या स्टुलावर बसवायचं, 'यातलं तुम्ही रोज काय उघडता' असं विचारायचं, आणि पुसण्याचं बटण त्याच्याच बोटानं दाबायला लावायचं. मुकुंदला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटे. जागा भरली की रिकामी करावी, त्यासाठी लोकांची सुखदुःखं कशाला ऐकत बसायची? पण गुरुजींपुढे बोलणार कोण.

एके दिवशी गुरुजी सकाळीच परगावी साखरपुड्याला गेले होते. तेवढ्यात पेठेतले कापडाचे व्यापारी शांतिशेठ दुकानात आले. त्यांनी मऊ कापडात गुंडाळलेलं एक खेळण्याचं यंत्र अलगद टेबलावर ठेवलं.

"पारसचं आहे," ते म्हणाले. "जागा नाही म्हणतंय, पुढे जातच नाही. तेवढं बघ बाबा."

पारस हा शेठांचा एकुलता मुलगा. 'सदानकदा ते डबडं हातात, गादीवर कधी बसणार' यावरून बापलेकांचं बिनसलं, शेठ रागाच्या भरात नको ते बोलून गेले, आणि पोरगा घर सोडून गेला तो गेलाच. कुठे आहे, कसा आहे, कुणाला पत्ता नव्हता. हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं, तसं मुकुंदलाही होतं. शेठ स्टुलाकडे पाहत जरा घुटमळले. त्यांना बसायचं होतं, बहुधा काही सांगायचंही होतं.

"संध्याकाळी या शेठ, तयार ठेवतो," मुकुंद म्हणाला. शेठ मान हलवून गेले.

यंत्र उघडून पाहतो तो छायाचित्रांचा आणि चित्रफितींचा नुसता ढीग. सगळीकडे एका खेळातलं तेच चिमुकलं गाव, तेच निळ्या दाराचं घर, अंगणात उभा तोच मुलगा. खेळता न येणाऱ्या माणसाचा अंगठा चुकून फोटोच्या बटणावर पडत राहिला की असं होतं. मुकुंदनं तो सगळा कचरा पुसून टाकला. खरं तर तेवढ्यानं काम भागलं असतं. पण आपल्या हातचं काम उठून दिसावं म्हणून त्यानं साठवणीचं मोठं कार्ड घातलं, सगळे खेळ त्यावर उतरवले, एकेक खेळ तिथं दिसतो ना हे तपासलं, आणि मग यंत्राचं पोट, म्हणजे त्याची आतली साठवण, धुऊन लख्ख केलं. शेवटी खात्रीसाठी त्यानं तो गावाचा खेळ उघडला. संगीत वाजलं आणि पडद्यावर अक्षरं आली.

'नमस्कार. आपलं नाव काय?'

तेव्हा कुठे मुकुंदला चूक कळली. खेळ कार्डावर आला होता, खेळलेलं आलं नव्हतं. ते यंत्र आपल्या पोटात वेगळं सांभाळून ठेवतं, आणि पोट तर त्यानं स्वतःच्या हातानं धुतलं होतं. त्यानं जंग जंग पछाडलं. निळ्या दाराचं घर कुठंच नव्हतं.

दुपारी गुरुजी परतले. मुकुंदनं घडलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग गयावया करत म्हणाला, "गुरुजी, मला थोडे दिवस द्या. ते गाव मला आठवतंय. हुबेहूब तसंच पुन्हा उभं करतो. शेठना कळायचंसुद्धा नाही."

गुरुजींनी पडद्यावरचा तो प्रश्न वाचला. मग म्हणाले, "तो खेळही काढून टाक."

"अहो, निदान पडद्यावर त्या खेळाचं चित्र तरी दिसू दे त्यांना."

"काढ."

मुकुंदनं काढला. त्याला काही उमगेना. तेव्हा गुरुजी म्हणाले, "ते चित्र राहिलं तर शेठ घरी जाऊन एकटे ते उघडतील. यंत्र त्यांना नाव विचारेल, आणि त्या वेळी जवळ कुणी नसेल. जे कळायचं ते इथं, आपल्या तोंडून कळू दे. आणि तू नवं गाव उभं करशील, पण बाप रोज तुझ्या घराशी बोलेल, पोराच्या नव्हे. मुकुंदा, खेळ बाजारात मिळतो. केवढाही मोठा असो, पुन्हा आणता येतो. माणूस त्यात खेळून जे मागे ठेवतो ते नखाएवढं असतं, आणि ते एकदाच होतं. जागा करायला बसलेल्याला मोठं तेवढं दिसतं. नखाएवढं काय आहे ते मालकच सांगू शकतो. म्हणून ते स्टूल आहे."

"मग आता काय करू?"

"करण्यासारखं काही उरलेलं नाही. सांग त्यांना."

संध्याकाळी शेठ आले. मुकुंदनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. शेठांनी सगळं ऐकून घेतलं. यंत्र हातात घेऊन ते उगाच त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"मी त्याचं तण काढायचो रे," ते हळूच म्हणाले. "कुणी फिरकलं नाही की त्या गावात तण माजतं. मला खेळ येत नाही, पण तेवढं शिकलो होतो. रोज दुकान बंद केलं की तण काढायचं. तो आला की म्हणणार होतो, बघ, तुझं गाव नीट ठेवलंय."

मुकुंद त्यांच्या पाया पडायला वाकला. शेठांनी त्याचे खांदे धरून त्याला थांबवलं.

"तुला काय बोलू? त्या दिवशी मीच त्याच्यावर ओरडलो होतो, पुसून टाक ते सगळं म्हणून. त्यानं पुसलं नव्हतं." मग यंत्र कापडात गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "आता जागा आहे ना यात?"

"आहे शेठ," मुकुंद म्हणाला. "पुष्कळ आहे."

त्यानंतर मालकाला स्टुलावर बसवल्याशिवाय मुकुंदनं कधी काही पुसलं नाही. घाईत आलेली माणसं त्याच्यावर चिडतात, आणि तो निमूटपणे ऐकून घेतो. पण शेठांना त्याचा काय उपयोग? पारस अजून आलेला नाही. शेठ संध्याकाळी दुकान बंद करतात, आणि त्यानंतर त्यांना काही काम नसतं.