ओळीबाहेरचा ठिपका

त्या राज्यात सगळी प्रजा खाली डोके वर पाय अशी राहत असे, आणि त्यालाच सरळ राहणे म्हणत असे. प्रजा वटवाघळांची होती आणि राज्य म्हणजे डोंगराच्या पोटातली एक गुहा. ज्या छताला पाय रोवलेले त्याला ती भुई म्हणत, आणि डोक्यापलीकडे जो अंधारा तळ होता त्याला आभाळ. यात त्यांचे काही चुकत होते असे नाही. जो तो आपल्या पायांपासूनच जग मोजू लागतो.

गुहेच्या खडबडीत भिंतीवर एक रुंद पट्टा कोणीतरी, केव्हातरी घोटून गुळगुळीत केला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांची एक ओळ कोरली होती. कोरणारा कोण, हे कोणाला ठाऊक नव्हते. पण ती आपल्याचसाठी कोरली आहे याबद्दल शंका नव्हती, कारण तिथे दुसरे होतेच कोण? लटकल्या जागेवरून पाहिले की एक सरळ रेघ दिसे आणि तिच्यावर पाय रोवून शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या आकृत्या. रेघेच्या खाली, सगळ्यांच्या पायांखाली, एकुलता एक ठिपका.

ओळीचा अर्थ सांगण्याचे काम ओळबुवांकडे होते, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांकडे. रोज संध्याकाळी प्रजा उंबरे खायला बाहेर पडण्याआधी ते पंख मिटून म्हणत, "ओळीत राहिला तो उभा राहिला. ओळीबाहेर गेला तो पायदळी गेला." सगळे पाठोपाठ तेच म्हणत. ठिपका म्हणजे पूर्वी कधीतरी पाय सुटलेला कोणी अभागी, असे ठरलेले होते. म्हणून कायदा असा की जो आभाळात पडला त्याच्याकडे पाहायचे नाही, त्याचे नावही काढायचे नाही.

आणखी एक रीत होती. ती सांगायला संकोच वाटतो, पण तिच्यावाचून पुढचे कळायचे नाही. खाली डोके करून लटकणाऱ्याला बाकी सगळे जमते, देहधर्म तेवढा जमत नाही. सगळे आपल्याच अंगावर येते. म्हणून वटवाघूळ कोपऱ्यात जाते, अंगठ्यांच्या नखांवर लोंबते, पाय सोडते आणि घटकाभर उलटे होते. अशा लाजिरवाण्या अवस्थेत पवित्र ओळ दृष्टीस पडू नये, म्हणून तिच्याकडे पाठ करून डोळे मिटायचे, हे पिल्लांना सगळ्यात आधी शिकवले जाई. ओळबुवा तर पापण्या इतक्या आवळत की परत आल्यावर बराच वेळ त्यांना शेजारीही ओळखू येत नसे.

झुंबरी या प्रजेतली एक साधी आई. तिचे पहिलेच पिल्लू तिच्या पोटाला बिलगून असे. एका संध्याकाळी शेजारणीच्या तोंडातला उंबराचा तुकडा पाहून त्याने एक नख सोडले, मग दुसरे, आणि झुंबरीने पंख आवळेपर्यंत पोट हलके झाले होते. तळाशी बारीकसा धप्प आवाज झाला आणि मागून एक चिरका सूर येऊ लागला.

"पडलं गं माझं!" झुंबरी म्हणाली.

सगळी रांग दुसरीकडे पाहू लागली. शेजारीण म्हणाली, "वारा आहे तो."

"वारा असा चिरकतो का?"

"आज चिरकतोय," शेजारीण म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले. तिचेही एक पिल्लू मागच्या वर्षी असेच वाऱ्यात जमा झाले होते.

तळावर खेकडे होते आणि कधीमधी सापही येई. झुंबरी ओळबुवांकडे धावली.

"बुवा, माझं पिल्लू पडलंय हो. जिवंत आहे. ओरडतंय. मी जाऊ का?"

ओळबुवा वाईट नव्हते. त्यांनी मान हलवली. "बाई, ओळ तुझ्यासमोर आहे. इतके सगळे उभे आहेत, एक तरी वाकून ठिपक्याकडे बघतोय का? त्यांना माया नव्हती असं वाटतं तुला?" मग आवाज उतरवून म्हणाले, "माझा धाकटा भाऊ पडला होता. मी तेव्हा कोणाला विचारलंसुद्धा नाही."

"का नाही विचारलंत?"

"उत्तर माहीत होतं ना," ओळबुवा म्हणाले.

झुंबरी मोजरावांकडे गेली. मोजराव दिवसभर भिंतींवर आवाज टाकत आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून अंतरे काढत. ओळीबद्दल त्यांचे मत सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणाला आवडत नसे. ते म्हणत, ते दगडातले चर आहेत, नखभर खोल, बस्स.

त्यांनी तळाकडे एक आवाज टाकला आणि कान टवकारले. "आहे. श्वास चालू आहे. ओळीच्या बरोबर पायथ्याशी आहे. जागा चिंचोळी, पंख उघडायचे नाहीत. उतरता येईल, तिथून उडता येणार नाही. भिंत चढायची म्हटलं तर मधला पट्टा गुळगुळीत. नख ठरेल असं त्यावर काही नाही."

"चर आहेत ना?"

"चर आहेत," मोजराव चमकून म्हणाले. मग म्हणाले, "पण ते चढण्यासाठी आहेत असा कुठे पुरावा नाही."

"मग मी जाऊ की नको?"

मोजरावांनी पुन्हा एक आवाज टाकला, बहुधा सवयीने. "हे माझ्या मापात येत नाही, बाई," ते म्हणाले, आणि त्यांना त्याचे खरेच वाईट वाटत होते.

आता उरला गुणगुण्या. हा गाणी रचणारा. झुंबरी पोचेपर्यंत त्याचे गाणे अर्धे झालेही होते आणि भोवती जमलेल्यांचे डोळे ओले होते. एक पिल्लू पडते, आई त्याच्यामागे झेप घेते, आणि तिसऱ्या कडव्यात दोघे एकमेकांच्या मिठीत प्राण सोडतात, असे ते गाणे. झुंबरीसुद्धा ढसाढसा रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "अरे, पण माझं जिवंत आहे."

"हो का?" गुणगुण्या खट्टू झाला. "मग शेवट बदलावा लागेल."

"आणि आई त्याच्यामागे जाते, हे तुला कोणी सांगितलं? कुठल्या ओळीत आहे? कोणी मोजलंय?"

"कोणी नाही गं. यमक जुळत होतं."

झुंबरीला आता काहीच कळेनासे झाले. ज्यांच्याकडे अर्थ होता ते नाही म्हणत होते, ज्यांच्याकडे माप होते ते गप्प होते, आणि ज्याला काहीच ठाऊक नव्हते त्याचेच गाणे तिच्या छातीत धडधडत होते. तिने ठरवले असे म्हणता येणार नाही. तिचे पाय सुटले. तिने सोडले की ते सुटले, हे पुढेही तिला कधी नीट सांगता आले नाही.

ती तळावर उतरली ती जवळजवळ आपटलीच. चिरक्या सुराच्या दिशेने ती कोपरांवर सरपटत गेली. एक खेकडा तिच्याआधी निघालेला होता, त्याला तिने दात दाखवले. पिल्लू एका पानाखाली होते, थंडगार. तिने त्याला चाटले आणि पंखाखाली घेतले, तसे त्याने पोटाला अशी मिठी मारली की नखे रुतली. ती इतकी सुखावली की आता इथेच मेले तरी चालेल असे तिला वाटून गेले. मग चालणार नाही असे वाटले, आणि ती चढायला भिंत शोधू लागली.

तिने मान वर केली. कोपऱ्यात मिटायचे डोळे तळावर मिटायचे असतात असे तिला कोणी शिकवले नव्हते, कारण तळावरून कोणी परत आलेच नव्हते.

वर ओळ होती, पण तिच्यात कोणी उभे नव्हते. सगळी अक्षरे रेघेला धरून लटकत होती, शेजारी शेजारी, अगदी तिच्या आळीसारखी. मधल्या एकाने तर एक लहानगे पोटाशी धरले होते. आणि ठिपका पायाखाली नव्हता. तो सगळ्यांच्या वर होता. साऱ्या ओळीने त्याला डोक्यावर घेतले होते.

झुंबरीने डोळे मिटले, उघडले. तसेच दिसले. तिला आनंद झाला नाही, भीती वाटली. मग खेकडा पुन्हा जवळ आला आणि विचार करायला वेळ उरला नाही. खडबडीत भिंत संपली तिथे तिने अंगठ्याचे नख पहिल्या अक्षराच्या शेपटात घातले. चर नखभर खोल होता. नख बसले.

ती पिल्लासकट वर आली. सगळे एकदम बोलू लागले. मोजराव म्हणाले की हे शक्य होते, आपण तसे जवळजवळ म्हणालोच होतो. गुणगुण्याने चौथे कडवे सुरू केले. आणि ओळबुवा ओरडले, "तू ओळीवर पाय दिलास!"

"पाय नाही बुवा, नखं. आणि बुवा, ते उभे नाहीत. ते लटकलेत. ठिपका वर आहे, सगळ्यांच्या डोक्यावर."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. ओळीतले सगळे खंबीर उभे होते आणि ठिपका पायाखाली होता. हशा पिकला. झुंबरीनेही पाहिले, आणि तिला तेच दिसले. रेघ, उभी रांग, खाली ठिपका. "मी पाहिलं होतं," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच पटला नाही.

निकाल सोपा होता. ती ओळीबाहेर गेली होती आणि पिल्लूही. दुसऱ्या संध्याकाळी ओळबुवा ओळ म्हणतील, आणि शेवटचा शब्द झाला की झुंबरीने पिल्लासकट पाय सोडायचे. खेकडे असतीलच.

रात्रभर आणि मग दिवसभर पिल्लू पोटाशी झोपले. झुंबरी ओळीकडे पाहत राहिली. मान वाकवून पाहिली, पंखाआडून पाहिली. ओळ बदलली नाही.

संध्याकाळ झाली. प्रजा जमली. ओळबुवा आधी रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात गेले. म्हातारपणी वेळ लागतो, म्हणून कोणी काही बोलले नाही. मग फारच वेळ लागला. कोणीतरी खाकरले. झुंबरी तेवढी त्या बाजूला होती, म्हणून तिला दिसले. ओळबुवा अंगठ्यांवर लोंबत होते, डोके छताकडे, पाय सुटलेले. त्यांची पाठ ओळीकडे होती, पण मान वळवून तोंडही त्यांनी ओळीकडेच केले होते. आणि पापण्या आवळलेल्या नव्हत्या.

ते परत आले, आपल्या जागी पाय रोवले, पंख मिटले.

"ओळीत राहिला," ते म्हणाले, "तो उभा राहिला." प्रजा पाठोपाठ म्हणाली.

"ओळीबाहेर गेला तो..."

पुढचा शब्द कालच्या पिल्लालाही पाठ होता. झुंबरीने पायांची पकड सैल केली. ओळबुवांचे तोंड उघडे होते. आपण काय पाहिले ते त्यांना सांगता येत नव्हते, कारण कुठे आणि कशा अवस्थेत पाहिले तेही सांगावे लागले असते. त्यांनी झुंबरीकडे पाहिले, मग तिच्या पोटाशी झोपलेल्या इवल्याशा गोळ्याकडे. तळाकडे पाहताना मात्र त्यांच्या तोंडून कुठलेसे नाव निघाले, जे त्या राज्यात फार वर्षे कोणी घेतले नव्हते.

"बुवा, शब्द," मागून कोणीतरी आठवण केली.

ओळबुवा शेजाऱ्याला म्हणाले, "जरा सरका."

"काय?"

"सरका म्हणतो ना. हिला नीट धरायला जागा नाही."

शेजारी गोंधळून सरकला, त्याचा शेजारी सरकला, आणि आई आणि पिल्लू मावतील एवढी जागा रांगेत झाली. ओळ पुरी झालीच नाही. "बुवा, मान का अशी वाकडी?" कोणी विचारले, तर ओळबुवा म्हणाले, "अवघडली आहे." मग सगळे उंबरांवर गेले.

त्या दिवसापासून त्या राज्यात कोपऱ्यात जाणाऱ्यांना फार वेळ लागू लागला. आणि परत येताना, का कोण जाणे, प्रत्येकाची मान थोडी अवघडलेली असे.