तारेला पडलेलं वळण

वस्तू एकमेकींशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. भागीरथी सोनारीण चांदीच्या तारेने साखळी टाका घालून कर्णफूल करत होती. पण तार हट्टी; वळवलेला फास हात काढताच सुटायचा. म्हणून भागीरथीने प्रत्येक फासातून सुती दोरा ओवून तो धरून ठेवला.

तार फणकारली, "शी! हे चिंधीतलं सूत माझ्या अंगाला? लोक हसतील मला."

दोरा म्हणाला, "तुला वळण पडेपर्यंतच आहे गं मी."

तारेने त्याला जागोजागी ओरबाडलं, तरी त्याने एकही फास सुटू दिला नाही. फूल पुरं झालं, तेव्हा भागीरथीने दोरा कापून ओढून काढला आणि खाली टाकला.

दागिना न्यायला आलेल्या पाटलीणबाईंनी तिथेच फूल कानात घातलं. "काय सुबक टाके! तार जात्याच गुणी दिसते."

तार ऐटीत चमकली.

खाली पडलेला झिजका दोरा आनंदाने म्हणाला, "बघ, कुणी हसलं का तुला?"

तारेला तोंड लपवावंसं वाटलं. पण आता ती अशा जागी होती, जिथे सगळ्यांची नजर आधी जाते.