पावणेएकच्या आसपास

"बारा वाजता सावली सगळ्यांत लहान असते की नसते? हो किंवा नाही. एवढंच सांगा, चाचा."

दर्ग्याच्या पायरीवर बसून बाबालाल मुजावर आपल्या चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी मान वर केली. टेकडी चढून आलेला माणूस घामानं निथळत होता, आणि राग अजून उतरलेला नव्हता.

"बसा गुरुजी. पाणी घ्या."

"पाणी नको. उत्तर द्या."

सुकुमार मगदूम गुरुजी गावच्या शाळेत विज्ञान शिकवत. वय तिशीच्या आतलं, अक्षर मोत्यासारखं, जिल्ह्यात दोनदा बक्षीस मिळवलेलं. उद्या शाळेत विज्ञान दिन होता. मुलं शास्त्रज्ञ होऊन उभी राहणार होती. कापसाच्या दाढ्या तयार होत्या, पुठ्ठ्याच्या दुर्बिणी रंगवून झाल्या होत्या, प्रत्येकाची चार वाक्यं पाठ होती.

आणि नेमकं आत्ताच सारिका ऐवळे या सातवीतल्या मुलीनं शाळा सोडली होती.

"तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंत," गुरुजी म्हणाले. "तुम्ही इथं रोज काठीची सावली बघत बसता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

बाबालालांनी सुई चपलेत टोचून ठेवली.

"काय भरवलं?"

"मी वर्गाला सांगितलं होतं, घरी जाऊन काठी रोवा आणि सावली सगळ्यांत लहान कधी होते ते लिहून आणा. अठ्ठावीस जणांनी बरोबर लिहिलं. बारा. तिनं काय लिहिलं माहीत आहे? 'पावणेएकच्या आसपास.' … आसपास! शास्त्रात आसपास असतं का कुठं? मी लाल रेघ मारली. म्हटलं, बारा लिही. तर म्हणते, मी बघितलंय सर. म्हटलं, मग विज्ञान दिनाला दाढी लावून उभं राहायचं नाही. तेव्हापासून आली नाही. चार दिवस झाले. तिची आई म्हणते, शेळ्यांमागं जाते, तिथंच बरी आहे."

शेवटचं वाक्य बोलताना गुरुजींचा आवाज जरा उतरला.

"हुशार आहे हो," ते म्हणाले. "वर्गात सगळ्यांत हुशार आहे."

बाबालालांनी चपलेतली सुई ओढून दोरा ताणला.

मग म्हणाले, "ती माझ्याकडं आली नव्हती."

"नव्हती?"

"उरसाला आली होती. मलिदा घेतला आणि गेली. काठीचं कधी विचारलं नाही तिनं."

"मग तिला शिकवलं कुणी?"

"काठी रोवा म्हणून कुणी सांगितलं होतं?"

गुरुजींनी रुमालानं कपाळ पुसलं.

दर्ग्याला लागून एक लहानशी मशीद होती. तिच्या अंगणात पुरुषभर उंचीची लोखंडी सळई सरळ उभी होती. आधी बाबालालांच्या वडिलांनी आणि आता बाबालालांनी, दोघांनी मिळून ऐंशी वर्षं तिची सावली पाहिली होती. सूर्य माथ्यावरून ढळला, सावली पुन्हा वाढू लागली, की दुपारची बांग. त्याआधी नाही.

"तुम्ही बघितलंत का, गुरुजी?" म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

"काय?"

"सावली."

"मला बघायची काय गरज? मी शिकवतो ते."

"हं…"

बाबालाल उठले. गुडघ्यावर हात टेकून, दोन टप्प्यांत उठले. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून मूठभर खडे आणले आणि गुरुजींच्या ओंजळीत ओतले.

"माझं घड्याळ बंद पडलंय. तुमचं आहे. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला एक खडा ठेवा. मी जरा अंगठा शिवतो."

गुरुजींना हसू आलं. रागही आला. पण उन्हात चढून आलोच आहोत, तर म्हाताऱ्याला एकदा दाखवूनच द्यावं, असा विचार त्यांनी केला. डोक्यावर रुमाल टाकला आणि सळईपाशी उकिडवे बसले.

बाराला दहा कमी असताना पहिला खडा ठेवला. पाच कमी असताना दुसरा.

बरोबर बाराला तिसरा. तो त्यांनी जरा जोरातच ठेवला.

"झालं, चाचा! बघा. आता वाढेल."

"बरं."

बारा पाच.

गुरुजींनी खडा ठेवला आणि थांबले. सळईच्या बुडाशी एक सुतळी बांधलेली होती. ती ताणून त्यांनी बाराच्या खड्यापर्यंत नेली, चिमटीत धरली आणि नव्या खड्यापाशी आणली.

सुतळी उरली.

"घड्याळ पुढं असेल," ते पुटपुटले आणि त्यांनी खिशातला मोबाइल काढून पाहिला. घड्याळ बरोबर होतं.

बारा दहा. बारा पंधरा. सावली आखडतच होती.

साडेबारापर्यंत ती चांगली चार-पाच बोटं मागं आली होती. गुरुजींचा शर्ट पाठीला चिकटला होता. बाबालालांनी तांब्या आणून शेजारी ठेवला. या वेळी ते पाणी प्यायले.

"चाचा…"

"हं?"

"आपलं घड्याळ आपलं नाहीच की. सगळ्या देशाला एकच वेळ, तिकडं पूर्वेला मिर्झापूरकडं सूर्य माथ्यावर आला की आपण बारा म्हणतो. तो इकडं यायला अर्धा तास तरी लागणारच." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "सहावीच्या भूगोलात मीच शिकवतो हे. दरवर्षी."

"मग ठाऊक होतं की तुम्हाला."

"ठाऊक होतं…"

गुरुजींनी पुढचा खडा ठेवला. या वेळी अगदी हलकेच.

बारा चाळीस. बारा पंचेचाळीस. बारा पन्नास. आता सावली थांबल्यासारखी झाली. सुतळी या खड्यावर धरावी तर त्या खड्यावरही तेवढीच. सावलीचं टोकही रेखीव नव्हतं, धुरासारखं विरत गेलेलं. गुरुजी पालथे झाले, गाल फरशीला लावून त्यांनी एक डोळा मिटला.

"नेमकी कधी वळली? चाचा, या खड्याला की त्या?"

"या दोन-तीन खड्यांत कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे?"

"तेवढंच दिसतं, गुरुजी. मग जे दिसतं तेवढंच बोलायचं."

एक वाजला. एक पाचला सावली बोटभर वाढलेली स्पष्ट दिसली. बाबालालांनी वाकून स्वतः बोट लावून पाहिलं. मगच ते हातपाय धुवायला हौदाकडं वळले.

गुरुजी उठून बसले. गालाला फरशीची धूळ लागली होती, पण डोळे चमकत होते.

"पावणेएक! चाचा, उद्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. आपल्या गावात सावली पावणेएकला सगळ्यांत लहान असते. सगळ्यांकडून पाठ करून घेतो."

बाबालाल हौदाच्या काठावर थांबले. त्यांना हसू आवरलं नाही. बोळकं तोंड, पण हसू लेकरासारखं.

"दिवाळीत या की एकदा."

"का?"

"दिवाळीत सव्वाबाराच्या सुमाराला वळते."

गुरुजींनी मांडलेल्या खड्यांकडं पाहिलं.

"रोज… बदलते?"

"थोडी थोडी सरकते. कधी मागं, कधी पुढं."

"म्हणजे तुम्ही रोज बघता? इतकी वर्षं बघून अजून माहीत झालं नाही?"

"झालंय की," म्हातारा म्हणाला. "कालचं माहीत आहे."

टेकडीखाली कुठंतरी एक शेळी ओरडली. गुरुजींनी सहज तिकडं पाहिलं आणि ते उभे राहिले.

खाली ऐवळ्यांच्या परसात, गोठ्यापलीकडच्या मोकळ्या जागेत एक काठी रोवलेली होती. काठीपाशी एक मुलगी उकिडवी बसली होती. शेळ्या तिच्याभोवती चरत होत्या. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं जमिनीवर काहीतरी ठेवलं, मान वाकडी करून पाहिलं, आणि वहीत लिहिलं.

"ही रोज करते का असं?"

"चार दिवस दिसते खरी. त्याच्या आधीचं मला ठाऊक नाही."

गुरुजींनी खिशाला हात लावला. तिथं लाल पेन होतं. ते त्यांनी काढलं, पाहिलं, आणि परत कुठं ठेवावं ते कळेना, म्हणून हातातच धरून राहिले.

"अठ्ठावीस जणांनी बारा लिहिलं, चाचा," ते अगदी हळू म्हणाले. "त्यांतल्या एकानंही काठी रोवली नसेल. मी काय सांगणार हे त्यांना ठाऊक होतं… मी त्यांना शाबासकी दिली. आणि उद्या त्यांना दाढ्या लावणार आहे."

बाबालालांनी हातावर पाणी घेतलं.

"तिची माफी मागतो," गुरुजी म्हणाले. "जाऊन सांगतो, तुझं बरोबर होतं. आपल्या गावचं बारा वेगळं असतं, का असतं तेही सगळं समजावून सांगतो. पृथ्वीचा गोल घेऊन येतो शाळेतून…"

म्हातारा पाणी सोडत राहिला. एक हात. दुसरा हात.

गुरुजी बोलता बोलता थांबले.

"चाचा, तिला काय सांगू?"

बाबालाल ओल्या हातानं सळईपाशी आले. मधल्या दोन-तीन खड्यांतला एक त्यांनी उचलला आणि गुरुजींच्या तळहातावर ठेवला.

"माफी मागा. बाकी सांगू काही नका," ते म्हणाले. "विचारा… आज किती वाजता वळली."