उंबऱ्यावरचं अक्षर

"पण बाबा, पुसायचंच असेल तर लिहायचं कशाला?"

सुकलालने हे विचारलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. अंगणात म्हातारे जिवतूबाबा आणि हा, दोघंच.

 त्यांच्या लोकांची लिपी जाणणारे बाबा हे एकच गुरू उरले होते. एक उच्चार, एक अक्षर. राखेत बोटाने लिहायचं आणि उठण्याआधी तळहाताने पुसायचं. रीतच तशी.

सुकलाल त्यांच्याच हाताखाली शिकला, मग शहरात जाऊन संगणकवाला झाला. आज स्वारी भलतीच ऐटीत होती.

"आता पुसणं संपलं, बाबा! संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आपल्या एकेका अक्षराला मी आकडा मिळवून दिला. जगात दुसऱ्या कुणाचा नाही असा. आणि एकदा दिलेला आकडा परत घेत नाहीत. चुकला तरी नाही."

"सगळ्या अक्षरांना?"

"सगळ्या."

"उंबऱ्यावरच्यालाही?"

 ते अक्षर कुणाला शिकवत नसत. घरात कुणी गेलं की दहाव्याला गुरू ते उंबऱ्यावर काढायचा. गेलेलं माणूस त्यावरून आत यायचं, शेवटचा घास खायचं. मग गुरू अक्षर पुसायचा आणि ते माणूस निघून जायचं. सुटायचं बिचारं.

"त्यालाही," सुकलाल म्हणाला. "आईच्या दहाव्याला तुम्ही काढलंत ना... तेव्हा मोबाइलवर फोटो घेतला होता."



"पुसलं जाऊ नये, असं वाटलं तुला."

"हो." ऐट कुठल्या कुठे पळाली. आई गेली तेव्हा हा पोचलाच नव्हता, आणि ते अजून मनाला खात होतं. "वाटलं, तेवढं तरी राहू दे."

"दाखव."

सुकलालने मोबाइल पुढे केला. पडद्यावर नुसता रिकामा चौकोन.

"मोबाइलला आपल्या अक्षरांची वळणं अजून ठाऊक नाहीत, म्हणून चौकोन दिसतो. पण आकडा आत आहे."

बाबांनी चुलीतली चिमूटभर राख आणली, काचेवर पसरली आणि तळहात फिरवला. राख गेली. चौकोन तिथेच.

पुन्हा पुसलं. मग जोर लावून पुसलं. अख्ख्या पाड्याची मेलेली माणसं याच हाताने मार्गी लावली होती. 

"थांबा, मोबाइलमधून काढतो मी. आत्ता काढतो."

"आणि आकडा?"

"तो... तो नाही निघत, बाबा."

बाबा उठून आत गेले. पानावर भात वाढून आणला आणि सुकलालच्या शेजारी ठेवला.

"मी जेवून आलोय, बाबा."

बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते. त्याच्या खांद्यावरून मागे, अंगणाच्या टोकाला बघत होते.

"सरक जरा," ते म्हणाले. "तुझी आई कधीची उन्हात उभी आहे."