लोहारणीच्या तीन दश्श्या

फार जुनी गोष्ट आहे. नदीच्या उतारापाशी वसलेल्या एका गावात भामा नावाची लोहारीण राहत होती. तिच्या हातचा विळा दहा वर्षं झिजत नसे आणि तिच्या रागाला अख्खा बाजार भीत असे.

त्या बाजारात मोठ्या वडाखालची एकच जागा सावलीची होती. नदी ओलांडून येणारी प्रत्येक बैलगाडी तिथे थांबायची. ती जागा कोणाला मिळावी यावरून पूर्वी डोकी फुटत. म्हणून गावानं ठरवलं, की दर वर्षी आठ दुकानदारांनी पत्ते खेळायचे आणि जिंकेल त्यानं वर्षभर वडाखाली बसायचं.

खेळ सोपा होता. प्रत्येकाला चाळीस चिंचोके मिळत. डाव सुरू होताना त्यातला एक प्रत्येकानं चटईवर ठेवायचा. हातात दोन पानं लपवायची, चटईवर आधी तीन, मग एकेक करून आणखी दोन पानं उघडायची. दरम्यान ज्याला आपला हात भारी वाटेल त्यानं चिंचोके लावायचे. समोरच्यानं तेवढेच लावावे, नाहीतर पानं टाकावी. शेवटी हातातली आणि चटईवरची पानं जुळवून ज्याचा हात भारी, त्याला लावलेले सगळे चिंचोके; तीन सारख्या पानांपेक्षा एकाच रंगाची पाच पानं भारी. चिंचोके संपले की उठायचं.

एका वर्षी शेवटी दोघंच उरली, भामा आणि निवृत्ती बत्तासेवाला. भामाच्या हातात दोन राजे आले. चटईवर तिसरा राजा उघडला. तिनं मुद्दाम चेहरा पाडला आणि एकच चिंचोका पुढे सरकवला. 'येऊ दे याला,' ती मनात म्हणाली, 'शेवटी एकदम गिळते.'

"एकच ना? बघू तरी पुढचं पान," निवृत्ती म्हणाला. पुढच्या पानालाही तिनं एकच लावला. तोही हसत एक टाकून बसला. शेवटचं पान बदामाचं निघालं आणि निवृत्तीकडे बदामाची पाच पानं जमली. तीन राजे त्यापुढे हरले. आता गिळायचं म्हणून भामानं सगळे चिंचोके लावले होते. ते सगळे गेले.

भामानं पत्ते त्याच्या तोंडावर फेकले. "चोरा! माझी जागा चोरलीस!"

वर्षभर ती भर उन्हात, बाजाराच्या टोकाला भट्टी पेटवून बसली. समोर सावलीत निवृत्ती बत्तासे विकताना दिसला, की तिचा घण दुप्पट जोरानं पडे. त्याचा झारा तुटला तेव्हा तिनं सांधून दिला नाही. बिचारा दोन कोस चालत दुसऱ्या लोहाराकडे गेला.

भाता ओढणारी तिची नणंद हौसा एकदा वैतागून म्हणाली, "वहिनी, त्यानं काही चोरलं नाही. तुम्हीच त्याला एका चिंचोक्यात बसू दिलंत."

"तोंड सांभाळ!" भामा कडाडली. 

वर्ष सरलं. पुन्हा चटई अंथरली. भामा बसली तीच दात खात. पहिल्याच डावात तिला दोन एक्के आले. 'आता एकालाही पुढचं पान बघू देत नाही!' तिनं उरलेले एकोणचाळीसही चिंचोके धाडकन पुढे लोटले.

सातही जणांनी गुपचूप पानं टाकली. चटईवर प्रत्येकाचा एकेक चिंचोका होता, तेवढाच तिला मिळाला. एवढ्या भारी पानांना सात चिंचोके! लोक तोंड लपवून हसले.

"बाई रागात आहे," निवृत्ती शेजाऱ्याला म्हणाला. "पानं बघून नाही, तोंडं बघून लावतेय."

भामानं ते ऐकलं. कानशिलं तापली. उठून त्याची मानगूट धरावी असं वाटलं. पण उठली असती तर डाव गेला असता. ती बसून राहिली आणि राग गिळत खेळत राहिली. एकेक दुकानदार उठला. दुपारी उरली पुन्हा तीच दोघं. खेळ लांबू नये म्हणून आता डाव सुरू होताना एकाऐवजी प्रत्येकी दहा चिंचोके ठेवायचे होते.

भामाला दोन दश्श्या आल्या. चटईवर तिसरी दश्शी उघडली. सोबतची दोन पानं चौकटची होती. निवृत्ती ती दोन पानं टक लावून बघत होता.

'एक लाव,' तिचं मन म्हणालं. 'आत ओढ त्याला आणि लोकांसमोर नाक काप.' लगेच दुसरं मन उसळलं, 'सगळे लोट! पळवून लाव मेल्याला!'

हात चिंचोक्यांवर थांबला. तिला हौसाचं बोलणं आठवलं आणि आठवल्याचाही राग आला. पण बोलणं खरं होतं. त्याला पान बघायचंय ना? मग बघू दे. फुकट मात्र नाही.

चटईवर वीस चिंचोके होते. तिनं मोजून वीस लावले.

निवृत्ती चुळबुळला. "आली पुन्हा रागाला," असं म्हणत त्यानं वीस टाकले. चौथं पान किलवरची दुर्री निघालं. भामानं पन्नास लावले. निवृत्तीकडे बरोबर पन्नासच उरले होते. त्यानं एकदा पानांकडे, एकदा तिच्या लाल चेहऱ्याकडे पाहिलं.

"हातात काही नाही बाईच्या," तो म्हणाला आणि सगळे टाकले.

शेवटचं पान उघडलं. इस्पिकची सत्ती. भामानं तीन दश्श्या मांडल्या. निवृत्तीनं चौकटची चार पानं मांडली. पाचवं आलंच नव्हतं.

बाजारानं टाळ्या पिटल्या. हौसा धावत आली. पण भामाचं तोंड अजून रागानं फुललेलंच.

"वहिनी, जिंकलात की! आता कोणावर चिडलात?"

"माझ्यावर," भामा म्हणाली. ती तशीच निवृत्तीसमोर जाऊन उभी राहिली. तो घाबरून मागे सरकला.

"मागल्या वर्षी मी वीस लावले असते तर काय केलं असतंत?"

"पानं टाकली असती, भामाबाई," तो म्हणाला. "तुमचा तेव्हा दरारा होता. पण एका चिंचोक्याला कोण उठतो?"

भामानं ओठ दाबले. चारचौघांत ते बोलणं तिला घण उचलण्याहून जड गेलं.

"तुम्ही चोरलं नव्हतं," ती म्हणाली. "मीच उघडं ठेवलं होतं. आणि वर्षभर तुम्हाला शिव्या दिल्या." एवढं बोलून ती वळली आणि ऐरण उचलून वडाखाली आणायला निघून गेली.

तात्पर्य इतकंच, मुलांनो: हात भारी असेल तेव्हा त्याचं पुरतं मोल वेळेवर मागावं. हावेपोटी ते लपवू नये आणि रागापोटी उधळू नये. आणि आपण स्वस्तात दिलेलं दुसऱ्यानं घेतलं, तर त्याला चोर म्हणू नये.